राखताईच्या बाबांचं चूर्ण

हल्ली कुणी चहाबरोबर चूर्णाची डबी उघडली, की राखताईची मान आपोआप तिकडे वळते. "कसलं आहे? कुठून आणलंत? तपासलेलं आहे का?" समोरचा बिचारा गांगरतो. निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी बाईची खोड काही जात नाही. तिला कुणी सांगावं, की ताई, आता पुरे? आपली तर बुवा छाती नाही.

राखताई हे नाव तिला प्रयोगशाळेनं दिलं. लोक पोटासाठी, केसांसाठी, झोपेसाठी झाडपाल्याची चूर्णं घेतात. त्यांत शिशासारखे जड धातू आहेत का, हे पाहणं तिचं काम. चूर्ण आधी भट्टीत जाळायचं, उरलेली राख ॲसिडमध्ये विरघळवायची, ते पाणी गाळून यंत्राच्या ज्योतीत सोडायचं. शिसं असलं की काटा उठायचा, नसलं की जागच्या जागी. आता सगळं पडद्यावर आकड्यांत दिसतं म्हणे. पण राखताईला विचाराल, तर काट्याची मजा आकड्याला नाही. काटा उठायच्या आधी जरासा थरथरायचा आणि ती पुढे वाकून बघत राहायची.

त्या दिवसांचा विषय निघाला की ती तासन् तास बोलते. ॲसिडचा धूर ओढून घेणारं ते घरघरणारं कपाट, ॲसिडनं भोकं पडलेले कोट, आणि भांडी धुणारी मावशी. या मावशीचा दरारा साहेबांपेक्षा मोठा. बाहेरच्या चपला घालून कुणी आत पाऊल टाकलं, की मावशी तिथूनच तोंड सोडायची, "या, या, रस्ता घेऊनच या आत!" काचेचं भांडं ती ॲसिडमध्ये भिजवून, धुऊन, उजेडाकडे धरून पाहायची, तेव्हा कुठे तिचं समाधान व्हायचं. राखताईचं आणि तिचं मेतकूट जमलं ते त्यामुळेच. दोघीही स्वच्छतेपायी लोकांना नकोशा झालेल्या.

पण स्वच्छतेचं हे वेड राखताई प्रयोगशाळेत शिकली नाही. ते तिला घरून मिळालं, बाबांकडून.

बाबांचं चूर्णाचं दुकान होतं. घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान आणि मागचा भाग म्हणजे घर. मध्ये नुसता पडदा. भिंतभर लाकडी कप्पे, कुठल्या कप्प्यात मुळ्या, कुठल्यात साली, कुठल्यात वाळलेली फळं. लहानपणी ती डोळे मिटून वासावरून कप्पा ओळखायची आणि बाबा गिऱ्हाइकासमोर तिची परीक्षा घ्यायचे. चुकली, तरी "बरोब्बर!" म्हणून मोकळे व्हायचे. कोपऱ्यात दगडी जातं. बाबा ते स्वतः हातानं फिरवायचे. सकाळी त्याची घरघर सुरू झाली, की ती पांघरुणातच कूस बदलायची. बाबा उठलेत, सगळं ठीक आहे, एवढं त्या आवाजातून कळायचं.

मशीनचं नाव काढलं की बाबांचं डोकं फिरायचं. "लोखंडाच्या पात्यानं औषध जळतं. दगडानं ते जागं होतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माल ते असा निवडून घ्यायचे, की घाऊक व्यापारी त्यांना लांबून येताना पाहून कपाळाला हात लावायचा. मुळीला माती दिसली, परत. सालीला बुरशीचा ठिपका दिसला, परत. पोटाच्या चूर्णासाठी लोक लांबलांबून यायचे. आणि त्या चूर्णाचं पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं.

आईचं पोट दुखायचं. मधूनच कळ यायची, की हातातलं काम टाकून ती भिंतीला टेकायची. चेहरा कायम पांढुरका, थोडं चाललं तरी दम. डॉक्टर झाले, रक्त वाढवायच्या गोळ्या झाल्या, फरक शून्य. बाबा मात्र हरले नव्हते. रोज सकाळी ताजं दळलेलं चूर्ण मधात कालवून ते स्वतः आईपाशी घेऊन यायचे आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहायचे. "बरं वाटतंय ना?" आई मान हलवायची. दुखणं वाढलं, की बाबा एक चमचा वाढवायचे.

राखताई नोकरीला लागली, दुसऱ्या गावी राहू लागली. मग एक दिवस प्रयोगशाळेत नवीन यंत्र आलं. साहेब म्हणाले, "काटा शून्यावर नीट बसतोय का ते बघायला एखादं चूर्ण हवं. ज्यात शिसं नाही, अशी पक्की खात्री असलेलं."

"सर, त्यात काय एवढं? आमच्या बाबांचं आणते," राखताई म्हणाली. "डोळे मिटून घ्या."

छातीठोकपणे म्हणाली हो! सुटीला घरी गेली तेव्हा बाबांकडून पुडी बांधून घेतली. बाबांना तर आभाळ ठेंगणं झालं. आपलं चूर्ण सरकारी यंत्राला धडा घालून देणार! त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी ते ऐकवलं. कुणी सुटलं नाही.

आणि इकडे प्रयोगशाळेत काटा उठला. थरथरला नाही की काही नाही, सरळ उठला आणि पार टोकाला जाऊन टेकला.

साहेब हसले. "राखताई, भांडं धुतलं होतं ना?" झालं! मावशीनं अशा नजरेनं पाहिलं, की साहेबांचं हसू जागीच विरलं. पुन्हा भांडी धुतली, पुन्हा राख केली, नवं ॲसिड उघडलं. काटा पुन्हा तिथेच. मावशीनं तिला स्टुलावर बसवलं आणि पाण्याचा पेला हातात दिला. तिच्या डोळ्यांपुढे दुकान नव्हतं, गिऱ्हाइकं नव्हती. आई दिसत होती, भिंतीला टेकलेली.

तिनं त्याच दिवशी रजा टाकली आणि घर गाठलं. बाबांना एकदम सांगायचा धीर काही होईना. तिनं आधी आईला पकडलं. "मी सांगेपर्यंत चूर्ण घ्यायचं नाही. पोटातलं काहीतरी तपासायचंय, म्हण. काहीही म्हण." मग प्रत्येक कप्प्यातला थोडा थोडा माल पुड्यांत भरून घेतला. बाबा कौतुकानं पाहत होते. "ने, ने! सगळ्याची राख कर. माझ्या मालात खोट काढणारा अजून जन्मायचाय."

आणि खरंच सांगते, बाबा खरे ठरले. मुळ्या स्वच्छ, साली स्वच्छ, फळं स्वच्छ. काटा ढिम्म हलला नाही. दुसरं कुणी असतं तर आनंदानं उडी मारली असती. राखताई मात्र पुन्हा हिशेब मांडत बसली. कप्प्यात शिसं नाही आणि दळलेल्या चूर्णाच्या डब्यात आहे, म्हणजे ते मध्येच कुठेतरी शिरतंय. आणि कप्पा आणि डबा यांच्यामध्ये असं होतंच काय? एक कापडाची चाळण आणि एक जातं.

ती पुन्हा घरी आली तेव्हा बाबा माल आणायला बाहेर गेले होते. आईला हाताशी घेऊन तिनं जात्याची वरची तळी उचलून बाजूला टेकवली. दगड छान होता, टाकीनं टोचून नुकताच खडबडीत केलेला. पण वरच्या तळीच्या मधल्या भोकापाशी, जिथे लोखंडी पट्टी दगडात बसवलेली असते, तिथे पट्टीभोवती करड्या रंगाचा गोल होता. कडेनं घासून घासून खोलगट झालेला. आणि झिजलेल्या जागी चकचकत होता.

तिला सगळं आठवलं. ती तेव्हा शाळेत जायची. जात्याची पट्टी सैल झाली होती, वरची तळी फिरताना डुगडुगायची. बाबांनी भंगारवाल्याकडून शिशाच्या नळीचे तुकडे आणले, अंगणात शेगडी पेटवली आणि लोखंडी पळीत शिसं वितळवलं. दुधावर साय धरावी तशी त्यावर पापडी धरली होती. बाबांनी ती काडीनं बाजूला सारली आणि शिसं भोकात ओतलं. "चर्र" असा आवाज आला, ती टाळ्या पिटत नाचली. बाबांनी तिला उचलून तळीवर उभं केलं. "बघ, आता माझ्या नातवंडांपर्यंत हे हलायचं नाही!" त्या दिवसाइतके खूश बाबा तिनं पुन्हा कधी पाहिले नव्हते. लहानपणातला तिचा सगळ्यात लाडका दिवस होता तो. कुणालाही सांगताना ती तिथूनच सुरुवात करायची. आणि आता त्या दिवसासमोर ती उकिडवी बसली होती, आणि शेजारी आई पोट धरून उभी होती.

तेवढ्यात बाबा आले. जातं उघडं पाहून आधी भडकलेच. "कुणी हात लावला?"

तिनं सांगितलं. चूर्णातलं, मुळ्यांतलं, सालींतलं, सगळं. बाबा ऐकेनात. "यंत्राचं पीठ खाणारी माणसं माझ्या दगडाला नावं ठेवणार? तुझंच यंत्र बिघडलं असेल. मी हे सगळं कशावर उभं केलं? तू शिकलीस ती कशाच्या जोरावर?"

"बाबा, दगडाला कोण नावं ठेवतंय?" ती म्हणाली. तिनं पुडीचा एक पांढरा कागद घेतला, करड्या गोलावर दाबून घासला आणि त्यांच्या हातात दिला. कागदावर पेन्सिलीनं ओढावी तशी काळपट रेघ उमटली होती. बाबांनी कागद उजेडाकडे धरला. मग त्यांनी स्वतः खाली वाकून त्या खोलगट जागेवरून बोट फिरवलं. किती झिजलंय ते त्यांच्या बोटाला कळलं. ओतलेलं त्यांनीच होतं.

मग बाबांनी आईकडे पाहिलं. "आणि मी हिला वाढवून देत होतो," ते म्हणाले. "दुखलं, की वाढवून."

राखताईला वाटलं, आई रडेल, नाहीतर चिडेल. आई म्हणाली, "माहेरी गेले की कमी दुखायचं. तिथे चूर्ण नसायचं ना."

"म्हणजे तुला कळलं होतं?"

"कळलं बिळलं काही नव्हतं हो. पण यानंच दुखत असेल का, असं वाटायचं कधी कधी."

"मग घेत का राहिलीस?" बाबांचा आवाज फाटला.

"तुम्ही पहाटे उठून दळायचात. मधात कालवून आणायचात. आणि मी गिळेपर्यंत असे बघत उभे राहायचात," आई म्हणाली. "नको कशी म्हणू?"

बाबा तिथेच, मालाच्या पोत्यावर बसले आणि ढसाढसा रडले. राखताईनं त्यांना आयुष्यात रडताना पाहिलेलं नव्हतं. आई त्यांच्या शेजारी बसली. तीही रडत होती, वर त्यांनाच दटावत होती, "पुरे आता, लेक बघतेय."

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी दुकान बंद ठेवलं. पण दारात रोज बसले. येईल त्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, घरातलं चूर्ण फेकून द्या, रक्त तपासून घ्या, चूक माझी आहे. राखताई म्हणाली होती, मी सांगते. बाबा म्हणाले, "ओतलं मी, सांगणारही मीच." काही लोक वाट्टेल ते बोलले. काही जण उलट त्यांचीच समजूत घालत बसले. ज्या घरांत लहान मुलं होती, तिथे ते चालत गेले. जात्याची वरची तळी त्यांनी घण घालून फोडली आणि तिचे तुकडे लेकीच्या सांगण्याप्रमाणे नीट गुंडाळून तिच्या हवाली केले.

आईच्या रक्तात शिसं सापडलं. दवाखान्यात राहावं लागलं, औषधं झाली, आणि मुंगीच्या पावलांनी का होईना, चेहऱ्यावर रंग आला. बाबा रोज सकाळी तिच्यापाशी येऊन उभे राहायचे. हातात काही नसायचं. "दुखतंय का?"

एका सकाळी आई म्हणाली, "आज नाही हो दुखलं."

बाबांनी खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी समोर बसले. "खरं सांगतेस, की माझं तोंड बघून?"

तेव्हापासून बाबांनी आईच्या पहिल्या उत्तरावर कधी विश्वास ठेवला नाही. ते दोनदा विचारायचे. दुसऱ्यांदा विचारलं, की आई खरं सांगायची.