थळच्या होडीचा बावटा

पत्र आले तेव्हा बाबा खळ्यावर पेंढ्याची उडवी रचत होते. मी खालून पेंढ्या फेकत होते. पोस्टमनने अंगणातूनच हाक मारली आणि बाबा वरून म्हणाले, "वाच की मोठ्याने. एवढी बी.ए. झालीस, उडवीपर्यंत आवाज पोचू दे."

पत्र थळच्या पारूबाईचे होते. मी अलिबागच्या मुलींच्या शाळेत सहा महिने शिकवत होते, तेव्हा ती माझ्या बिऱ्हाडी मासळी घेऊन यायची. तिने पोस्टातल्या कारकुनाकडून लिहून घेतले होते: माघात खांदेरी बेटासमोरच्या पाण्यात देशोदेशीच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती होणार आहेत. पहिल्या दिवशी मोठा सोहळा आहे. किनाऱ्यावरच्या गावांनी एकेक होडी मिरवणुकीत आणायची आहे आणि थळची होडी म्हणून तिच्या नवऱ्याची, जनू तांडेलाची होडी निवडली गेली आहे. हुकमाचा कागद इंग्रजीत आहे. कारकुनाला तो नीट लागत नाही. तर बाईंनी यावे, कागद वाचावा आणि सोहळाही बघावा.

"कागद वाचायला एवढ्या लांब?" आई म्हणाली.

"मग शिकवलं कशाला तिला?" बाबा उडवीवरूनच बोलले. निर्णय तिथेच झाला.

आमच्या बोर्ली पंचतनाहून थळला जायचे असेल तर दोन दिवस हाताशी ठेवा. पहाटे बैलगाडीने दिघीला निघाले. दिघीहून मचव्यात बसून राजपुरीची खाडी ओलांडली. माणशी दोन आणे पडले आणि कोंबडी सोबत असेल तर ती फुकट. डावीकडे जंजिऱ्याचा किल्ला पाण्यातून वर आला, जवळ आला, मागे गेला. वारा मंद होता. शिडाची सावली माझ्या वहीवर पुढेमागे सरकत होती आणि मला वाटत होते, जग असेच शांतपणे जवळ येत राहील. देशोदेशीची माणसे आपल्या खांदेरीसमोर एकत्र जमणार, हत्यारे न घेता, फक्त कोणाचे शीड वारा नीट धरते ते बघायला. याहून चांगली गोष्ट काय असू शकते, असे मी वहीत लिहिले.

मुरुडला ओळखीच्या घरी मुक्काम केला. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि उकडलेले आंबाडे मिळाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बैलगाडी, थेट साळावपर्यंत. रस्ता समुद्राला लागूनच आहे, पण धूळ फार, डोक्याला रुमाल बांधा. साळावच्या तरीत एक नारळाचे व्यापारी आणि एक म्हातारी माझ्या समोर बसली होती.

"कुठे जातेस गं एकटी?" म्हातारीने विचारले.

"थळला. शिडाच्या होड्यांचा सोहळा बघायला."

"होड्या बघायला होडीत बसून?" ती हसली. "आमचा न्हवरा मेला तवर होडीतच होता, मी एकदा पन उटून बगलं न्हाय."

"म्हणूनच गेला बिचारा," व्यापारी म्हणाले, आणि तरीतले सगळे हसले. म्हातारी सर्वांत जास्त.

रेवदंड्याहून अलिबागला सर्व्हिस मोटार मिळते. चौलच्या वाड्यांतून जाताना दोन्ही बाजूंना सुपाऱ्या इतक्या दाट की दुपारीही हिरवा अंधार पडतो. अलिबागहून टांग्याने थळ. पोचले तेव्हा सूर्य समोरच्या उंदेरी किल्ल्याच्या तटाला टेकला होता.

पारूबाई ओट्यावर बसली होती. एरवी दुरूनच ओरडून बोलणारी बाई, पण मला बघून नुसती उठली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तिचा थोरला मुलगा नामा दुसऱ्या होडीवर चार जणांबरोबर लांबच्या मासेमारीला गेला होता. फेरी चार दिवसांची असते. आज सहावा दिवस होता.

"वारा फिरला आसंल," जनू तांडेल म्हणाले. उंच, वाळलेला माणूस, डोळ्यांच्या कडा खाऱ्या वाऱ्याने लालसर. "येईल. दर्या हाय, मोटार न्हाय येळेवर यायला."

मग त्यांनी पत्र्याच्या पेटीतून कागद काढला. आठ वल्हेकरी गोल करून बसले. मी एकेक कलम वाचून मराठीत सांगू लागले. होड्यांनी एका रांगेत यावे. शीड उभारू नये, वल्ह्यांनीच यावे. तिसरे कलम: पाहुण्यांच्या आगबोटीसमोरून जाताना प्रत्येक होडीने आपला बावटा डोलकाठीच्या निम्म्यापर्यंत खाली उतरवावा आणि पुढे गेल्यावर पुन्हा वर चढवावा.

 पारूबाई उठून आत गेली.

कारण मला वल्हेकऱ्यांनी सांगितले. कोळ्याच्या होडीचा बावटा समुद्रावर असताना एकाच प्रसंगी खाली येतो: होडीवरचे कोणी परत येणार नसेल तेव्हा. निम्म्यावर बावटा घेऊन होडी किनाऱ्याकडे येऊ लागली की बायका ती बघूनच ओट्यावरून उठतात. सांगायला कोणाला यावे लागत नाही. आणि घरचे माणूस दर्यावर असताना बापाने आपल्या होडीचा बावटा उतरवला, तर दर्याने ते खरे धरले असे समजतात.

मी त्यांना समजावू लागले. ही सलामी आहे, जगभरचा शिष्टाचार आहे, त्याचा मरणाशी संबंध नाही, आणि कापडाचा तुकडा खाली आल्याने वाऱ्याची दिशा बदलत नाही. मी चांगले बोलले असे मला त्या वेळी वाटले.

तांडेलांनी शांतपणे ऐकून घेतले. "तू म्हनतेस ते खरं आसंल, बाय. मी गावाचा सबूद दिलाय, तवा होडी जानार. पन माज्या हातानं ती दोरी न्हाय सुटनार." मग ते म्हणाले, "तू चल होडीत. दोरी तू धर. कागूद तू वाचलास, बावटा पन तूच उतरव."

"बाया दर्यावर न्हाय जात," एक वल्हेकरी पुटपुटला.

आतून पारूबाईचा आवाज आला, "ती बाई न्हाय, मास्तर हाय."

सकाळी धुके होते. होडी पाण्यात सरकली तेव्हा खांदेरी दिसतच नव्हती, फक्त दीपगृहाचे टोक कोणी आभाळात विसरून गेल्यासारखे वर तरंगत होते. मी डोलकाठीपाशी बसले होते, हातात काथ्याची दोरी. वर लाल बावटा. किनाऱ्यावर पारूबाई एकटी उभी होती, आमच्याकडे नाही, आमच्या पलीकडे बघत.

मग धुके विरघळले आणि मी जे पाहिले ते लिहायला माझ्याजवळ पुरेसे शब्द नाहीत. मुंबईकडून आगबोटी आल्या होत्या, त्यांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पताका. बँडचे सूर पाण्यावरून तुकड्यातुकड्यांनी येत, मध्येच वारा ते उचलून नेई. तोफ झाली. धुराचे पांढरे कडे सावकाश मोठे होत गेले आणि त्या कड्यातून पहिले शीड बाहेर पडले. मग दुसरे, मग दहा, मग मोजणे सोडून दिले. काही शिडे दुधासारखी, काही विटकरी. खलाशी पांढऱ्या कपड्यांत होडीच्या काठाने उभे, हात एकमेकांच्या खांद्यावर. निशाणे मी फक्त शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात पाहिली होती. इथे ती वाऱ्यात फडफडत होती, आणि त्यातला जपानचा तांबडा गोळा माझ्या इतक्या जवळून गेला की त्याची शिवण दिसली. प्रत्येक होडी पाहुण्यांच्या आगबोटीसमोर आली की तिचे निशाण अलगद खाली झुके आणि पुन्हा वर जाई, जणू पाण्यावर कोणी मान लववून नमस्कार करत चालले आहे. इतके सुंदर काही मी जन्मात पाहिले नव्हते.

"कोन गेलं यांचं?" माझ्या मागचा वल्हेकरी म्हणाला.

"सगल्यांचंच कोन ना कोन गेलेलं दिसतंय," दुसरा म्हणाला. "येवढ्या लांबून आलं, सुतकातच आलं."

कोणी हसले नाही. मी त्यांच्या डोळ्यांनी ते बघितले मात्र, आणि माझ्यासमोरचा सोहळा बदलला. देशोदेशीच्या होड्या एकामागून एक मरणाची बातमी देत चालल्या होत्या.

गावांच्या होड्यांची रांग शेवटी होती. मांडव्याची होडी आमच्या पुढे. तिचा बावटा खाली गेला, वर आला. आता आम्ही. आगबोटीवरचे साहेब, मडमा, पाहुणे राजे-संस्थानिक सगळे वाकून बघत होते. तांडेल सुकाणूवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते समोर, खांदेरीच्या पलीकडे बघत होते, जिथे पारूबाई बघत होती.

दोरीची गाठ मी सोडली होती. नुसती मूठ सैल करायची होती. काल संध्याकाळी बोललेले सगळे मला आठवत होते, आणि त्यातला एक शब्दही मला खोटा वाटत नव्हता. तरी मूठ सैल होईना.

आगबोटीशेजारच्या लाँचवरून एक गोरा अधिकारी तोंडाशी कर्णा धरून ओरडला. निशाण खाली करा. पुन्हा ओरडला. होडीत इंग्रजी समजणारी मी एकटी.

"काय म्हनतोय त्यो?" तांडेलांनी विचारले.

"शाबास म्हणतोय," मी म्हणाले.

 तांडेलांनी हुकूम दिला, "वल्ही उभी." आठ वल्ही एकदम सरळ वर गेली. त्यांवरून पाणी आमच्या डोक्यांवर ठिबकले. मग त्यांनी दर्यासाठी आणलेला नारळ दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. वरच्या कठड्यावरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बावटा होता तिथेच होता.

परतताना मला राहवले नाही. "तांडेलकाका, तो शाबास म्हणत नव्हता."

"मना ठाव हाय," ते म्हणाले. "शाबास बोलताना कोन येवढं तोंड वाकडं करतंय?"

दुपारी जेवण झाले, कोणी नीट जेवले नाही. ऊन कलताना किनाऱ्यावरून हाका आल्या. उंदेरीच्या कडेने एक होडी वल्ह्यांवर येत होती. डोलकाठी मोडलेली, शीड नाही. पारूबाई पाण्यात कमरेपर्यंत शिरली आणि माणसे मोजू लागली. पाच होती.

नामाने आधी पाणी मागितले. मग भिंतीला टेकून सांगितले. वाऱ्यात डोलकाठी गेली, दोन दिवस नुसते वाहत होते. आज सकाळी खांदेरीच्या मागून येताना त्यांना लांबवर होड्यांची रांग दिसली, आणि सगळ्यांचे बावटे एकामागून एक खाली जाताना दिसले.

"आमाला वाटलं, आमचंच सुतक चाललंय," नामा म्हणाला. "सगला दर्या आमाला रडतोय. हात गळाले आमचे. गण्या बोलला, आता कशाला वल्हवतोस, आपन मेलो. मंग आपली होडी दिसली. आपला बावटा उभा होता. मी बोललो, बाबाचा बावटा उभा हाय, म्हंजी आपन हाव. वल्हव."

पारूबाईने माझा हात धरला. काथ्याने तळव्यावर रेघ उठली होती. ती त्या रेघेवरून अंगठा फिरवत बसली.

परतीच्या मोटारीत अलिबागचे दोन वकील बोलत होते. थळच्या कोळ्याने साहेबापुढे निशाण झुकवले नाही, असा बाणेदारपणा पाहिजे. माझ्या अंगावर खादी होती. दोन दिवसांपूर्वी मीच हे वाक्य वहीत लिहिले असते. मी खिडकीबाहेरच्या सुपाऱ्या बघत राहिले. त्यांच्या गोष्टीत नामा कुठेच नव्हता.

घरी आल्यावर बाबांनी विचारले, "काय पाहिलंस?" मी शिडे सांगितली, तोफ सांगितली, तांबडा गोळा सांगितला. मग दोरीचेही सांगितले, खोटे बोलल्याचेही. बाबा बराच वेळ सुपारी कातरत होते. "कागद बरोबर वाचलास ना?" त्यांनी विचारले. वाचला, मी म्हणाले. "मग झालं."

माणसाचे भय एका व्याख्यानाने जाईल असे मला आता वाटत नाही. भय घालवायला हवे, हे अजून वाटते. पण दोरी दुसऱ्याच्या जिवाला बांधलेली असताना नाही.

महिन्याने थळहून पुन्हा एक इंग्रजी कागद माझ्याकडे आला. हुकूम मोडल्याबद्दल थळच्या होडीला यापुढे बोलावले जाणार नाही, असे त्यात होते. मी तो शब्दन्‌शब्द मराठीत उतरवून पाठवला, काही न गाळता. तांडेलांचे उत्तर परवा आले, त्याच कारकुनाच्या अक्षरात: "कागूद पोचला. बोलावलं न्हाय तरी दर्या हितंच हाय. नामाच्या होडीला नवी डोलकाठी बसली. बावटा चढवायचा राह्यलाय. दोरी तू धरायची हाय, बाय, तवा ये."

रस्ता वर लिहिलाच आहे. दिघीची गाडी मी उद्या पहाटेची सांगितली आहे.