वहिनींचं दगडफूल

मित्रांनो, आज विट्यात माझ्या मसाल्याच्या दुकानाचं उद्घाटन होतं. टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमात सांगतो तेच इथंही सांगितलं, "हा माझ्या आईचा मसाला."

समोर आमच्या जुन्या बँडमास्तरांच्या पत्नी, शांतावहिनी बसल्या होत्या. मी लग्नांत क्लॅरिनेट वाजवायचो तेव्हा दहा वर्षं त्यांच्याच हातचं जेवलो. मसाला त्यांचाच.

भाषण झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. वाटलं, आता जाब विचारणार.

"भावजी, टीव्हीवर दगडफूल लय घालताय. कडू हुतंय. चिमूटभरच घाला."

मान वर होईना. तेवढ्यात फोटोवाल्यानं विचारलं, "या कोण?"

तोंडातून निघालं, "ओळखीच्या."

त्या पदर सावरत फोटोतून बाजूला झाल्या.

तुम्हीच सांगा, माफी त्यांच्या दारात जाऊन मागू, की खोटं जिथं बोललो तिथं, टीव्हीवर?