उतारा आणावा, झेरॉक्स चालेल

मी मुलीच्या मराठीच्या तासाला सातबारा पाठवला. आमच्या जमिनीचा. झेरॉक्स काढून, पानं नीट स्टेपल करून.

गाववाल्यांनो, हसायच्या आधी माझी बाजू ऐका. आणि माझ्यासारखे जे गाव सोडून इकडे आलेत त्यांनी तर हसूच नये. तुमच्याही कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत हा कागद आहे, मला माहीत आहे.

मी पवईतल्या एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट आणि एसी सांभाळतो. आठ वर्षं दुसऱ्यांच्या खोलीत एका कॉटवर काढली. बायको स्मिता आणि मुलगी तन्वी कुडाळजवळ गावी, माझ्या वडिलांकडे, म्हणजे आबांकडे. या जूनमध्ये मुलुंडला खोली मिळाली आणि मी दोघींना आणायला गेलो. एसटी स्टँडवर आबांनी फणसाच्या साठांबरोबर कागदांची पिशवी माझ्या हातात कोंबली. "जपान ठेव. कागद कधी लागतीत सांगाक येणा नाय." गाडी हलली. स्मिता रडली, आबा उगाचच कंडक्टरवर रागावले आणि तन्वी खिडकीतून ओळखीच्या-अनोळखी प्रत्येकाशी बोलत सुटली. नऊ वर्षांची पोर, तोंडाला झाकण नाही.

मुलुंडात ते झाकण बसलं. चौथीच्या वर्गात पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, पुस्तक कुठाय? ही म्हणाली, "घराकडे ऱवला." सगळा वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून तन्वी शाळेत मुकी. हजेरीला नुसता हात वर. मोठ्याने वाचन, पाठांतर, प्रश्नोत्तरं, सगळीकडे भोपळा. मी दोनदा समजावलं, एकदा ओरडलो, आणि ती घरीसुद्धा गप्प झाली. शेवटी स्मिताने सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघीन. नाहीतर मी हिला घेऊन परत जाते. तू राहा तुझ्या लिफ्टमध्ये."

आणि अशात शाळेच्या ग्रुपवर सूचना आली: "उद्या मराठीच्या तासाला प्रत्येकाने एक उतारा आणावा. झेरॉक्स चालेल."

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडे उतारे दोनच. एक तलाठ्याकडे मिळतो, दुसरा नारळ-लिंबू घालून तिठ्यावर ठेवतात. शाळा दुसरा मागणार नाही एवढी अक्कल मला आहे. उरला पहिला. तरी स्मिताने विचारलं होतं, "मराठीच्या तासाला सातबारा कशाला?" मी म्हटलं, "मुंबई आहे ही. इथे सगळ्याला पुरावा लागतो."

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची पाळी होती, म्हणून शाळा सुटताना मी गेटवर. बाई माझीच वाट बघत होत्या. हातात सातबारा.

"तन्वीचे बाबा ना? हे काय आहे?"

"उतारा."

"अहो, हा सातबारा आहे!"

"हो ना. मूळ प्रत घरी आहे. आणू?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "वाचनाचा उतारा हो! पॅसेज! दहा ओळी वाचायच्या, खालचे प्रश्न सोडवायचे. बाकीच्यांनी मोर आणलाय, पाण्याचं महत्त्व आणलंय..."

वाट लागली, म्हटलं. आधीच मुकी पोर, त्यात बापाने वर्गभर हसं केलं. घाबरत तिला शोधलं, तर ती चार मुलींच्या घोळक्यात हात नाचवत बोलत होती. चक्क बोलत होती!

झालं होतं ते असं. हिचा नंबर आला. कागद बघून बाई 'बस खाली' म्हणणार, तोवर हिने वाचायला सुरुवात केली. गाव नमुना सात. भोगवटादार. आजोबांचं नाव, काकांचं नाव, आत्याचं नाव. अडखळत, पण मोठ्याने. वर्ग चिडीचूप, कारण कुणाला काहीच कळत नव्हतं. मग आलं 'पोटखराब क्षेत्र'.

पोरं बाकांवरून पडायची बाकी राहिली. एकाने पोट धरून "बाई, मी जाऊन येऊ?" केलं. बाईंना वाटलं, आता ही रडणार. ही गर्रकन वळली आणि म्हणाली, "हसतास कित्याक? पोटखराब म्हंजे कातळ. थंय काय पिकणा नाय. पण गणपतीत थंय फुलां येतत, सगळो कातळ निळो-पिवळो!"

थंय म्हणजे काय, फुलं कुणी लावली, साप असतात का, प्रश्न सुरू झाले. बाई हुशार. त्यांनी मोर आणि पाणी बाजूला ठेवून फळ्यावर सातबाराच घेतला. नवीन शब्द लिहा, अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. एका मुलीने लगेच वाक्य दिलं, "माझ्या दादाचं डोकं पोटखराब आहे." उताऱ्याला शीर्षक द्या म्हटल्यावर अर्ध्या वर्गाने लिहिलं, 'कातळावरची फुले'.

त्या संध्याकाळी घरात मला एक वाक्य बोलायची संधी मिळाली नाही. स्मिता भाकऱ्या थापत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "दुसरा सिलिंडर नोंदव. एकाने भागणार नाही." बस, एवढंच. मी काहीतरी निमित्त काढून जिन्यात गेलो आणि लगेच फोनवरून सिलिंडर नोंदवला.

आठ वर्षं मला कुणी घर कुठे विचारलं की मी गावाचं नाव सांगायचो. इथे मी फक्त 'राहायचो'. तन्वीचं तसं नाही. तिचं गावचं घर आहे आणि मुलुंडचं घर आहे, आणि एका वाक्यात ती दोन्हीकडे जाऊन येते. परवा आबांना फोनवर म्हणाली, "आजोबा, टेन्शन घेव नको रे, दिवाळीक येतंय ना! पण मगे घराक परत येवचा लागतला, प्रोजेक्ट आसा." घराक म्हणजे इकडे. आबा जोरात हसले. मीही हसलो, पण मला ते समजायला आबांपेक्षा जास्त वेळ लागला.

सहामाहीच्या पालकसभेला मी छाती जरा पुढे काढूनच गेलो. बाई दोन शब्द माझ्याबद्दलही बोलतील असं वाटत होतं. शेवटी उतारा निवडला कुणी?

बाईंनी प्रगतिपत्रक पुढे सरकवलं. "तन्वीचं वाचन उत्तम. आकलन उत्तम. यापुढे सूचना मी थेट तिलाच सांगत जाईन. तुम्ही ग्रुप सोडलात तरी चालेल."