दुसरी सीडी
कपाट आवरताना एका रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांचा अल्बम हाती लागला आणि वाघोलीच्या कॉलेजातली ती दुपार आठवली. तिथल्या मुलांच्या बँडला गिटार वाजवणारा हवा होता, म्हणून मी गेलो होतो. पत्र्याच्या खोलीत उकडत होतं, चहाचा वास कोंडला होता. त्यांच्या गायिकेनं याच अल्बमबद्दल माझं मत विचारलं. मी ऐटीत म्हणालो, "सुरुवात झकास आहे, पण त्यांचं सगळ्यात हळवं गाणंच गाळलंय." ती शांतपणे म्हणाली, "ते दुसऱ्या सीडीवर आहे. तू पहिलीच ऐकलीस वाटतं?" सगळे हसले. माझे कान तापले. पिशवीतून गिटार न काढताच मी निघालो. "अरे, निदान वाजवून तरी दाखव!" तिनं मागून हाक मारली. मी वळलो नाही, आणि आज त्याचीच जास्त लाज वाटते.