अंगारा आणि गोळी

आणीबाणी उठली त्या साली माझ्या सुशीलेला मिरगीचे झटके सुरू झाले. साकोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, झटके कमीही झाले. पण आमच्या एकोडीत जो येई तो नवा उपाय सांगे. कोणी जोडा हुंगवा म्हणे, कोणी बाहेरची बाधा म्हणे. खरे कोणाचे मानावे, मला कळेना. शेवटी एका भगताने सांगितले, गोळ्या सोडल्याशिवाय देवी पावत नाही. माझी देवीवर लहानपणापासून निष्ठा. गोळ्या बंद करून अंगारा सुरू केला. झटके दुपटीने वाढले आणि मनात पहिल्यांदाच आले, देवी आपले ऐकते तरी का?

चैत्रात पोरीला घेऊन देवीच्या टेकडीवर निघाले. 'आई, काय करू ते तूच सांग,' एवढेच मागणे होते. अर्ध्या पायऱ्यांवरच सुशीला कोसळली. बायका जमल्या, कोणी कांदा मागू लागले, कोणी चप्पल पुढे केली. तेवढ्यात माझ्याच वयाची एक बाई ओटीचे ताट घेऊन गर्दीतून पुढे आली. तिने ताट खाली ठेवले, पोरीला कुशीवर वळवले आणि देवीसाठी आणलेल्या खणाची घडी तिच्या डोक्याखाली दिली. "तोंडात काही टाकू नका जी, आपोआप थांबते."

थांबलेही. मग तिने गोळ्यांचे विचारले, मी भगताचे सांगितले.

"असं देवीनं सांगतलं का भगतानं?" ती शांतपणे म्हणाली. "मलेबी हेच दुखणं हाये, बाई. गोळी घेऊनच लगन झालं, लेकरं झाली. गोळी अशी एकदम सोडू नये, जीवावर बेतते. बुधवारी भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात या. आम्ही सारे मिरगीवाले तिथं कडुनिंबाखाली बसतो."

खण मळला होता. मी ओशाळले. ती हसली, "ओटी तं भरली जी." आणि खणाविनाच ताट घेऊन वर गेली. मी मात्र दर्शन न घेताच खाली उतरले, थेट साकोलीच्या डॉक्टरांकडे.

बुधवारी गेलो. टेकडीवरची ती बाई लाखांदूरहून एसटीने आली होती. कडुनिंबाखाली एक कापडवाला होता, जयभीमवाल्यांची एक सून होती, गाडी चालवणे सोडलेला एक ड्रायव्हर होता. एकमेकांचे अनुभव ऐकत. पण कोणी नवा उपाय आणला, तर आधी डॉक्टरांना विचारून येत, मगच इतरांना सांगत. सुशीलेने तिथे पहिल्यांदा आपल्यासारखी माणसे पाहिली. घरी येताना ती बसमध्ये गाणे गुणगुणत होती.

झटके पुरते गेले नाहीत, क्वचित येत. पुढे सुशीलेला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मी दुखणे झाकायच्या विचारात होते. तीच मुलाला म्हणाली, "मले मिरगी हाये. रोज गोळी घेतो. काही विचारायचं असन तं बुधवारी चला माझ्यासंग."

तो खरोखरच आला. आमच्या लोकांत दुपारभर बसून सगळे विचारून गेला, आणि वैशाखात लग्न झाले.

देवीपुढे आता मी काही मागत नाही. तिला जे द्यायचे ते तिने माणसांच्या हातून दिले. ते घ्यायला हात पुढे करणे, एवढीच माझी शरणागती.