आडनावबाई

ऑफिसात माझ्या ताईला सगळे आडनावबाई म्हणतात. कुणाचाही प्रोग्रॅम तपासायला बसली की तिचं एकच पालुपद: "हे सेंड कुठल्या घरचं? आधी आडनाव लाव." सगळे वैतागतात. सेंडसारखं दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं काम लायब्ररीतून आयतं मिळतंय, तर ते अख्खं ओतून मोकळं व्हावं. प्रत्येक ठिकाणी लायब्ररीचं नाव कशाला जोडत बसायचं? हसू देत मेले. त्यांना काय ठाऊक?

बाबांना हृदयाचा त्रास सुरू झाला तेव्हा ताईने त्यांच्यासाठी घंटेची डबी केली. बटण दाबलं की सेंड नावाचं फंक्शन तिच्या फोनवर घंटा वाजवायचं आणि सेंडचं काम झालं की डबीवर हिरवा दिवा लागायचा. बाबा येईल-जाईल त्याला डबी दाखवत सुटले होते. पुढे बॅटरीची नोंद ठेवावी म्हणून ताईने आणखी एक लायब्ररी अख्खीच्या अख्खी आणली. तिच्यातही एक सेंड होतं, पण ते सगळं डबीतल्या डबीतच लिहून ठेवायचं. आडनाव कुणालाच नव्हतं, म्हणून नंतर आलेल्याने आधीच्याची जागा बळकावली आणि यंत्राने हूं की चूं केलं नाही. ताईने बॅटरीची नोंद होतेय एवढं पाहिलं. घंटा तर चालूच होती, ती कशाला पाहायची?

आई भाजी घेऊन परतली तेव्हा बाबा खुर्चीत गेलेले होते. हातात डबी, वर हिरवा दिवा. दिवा लागला म्हणजे लेक निघाली, असं समजून ते वाट बघत बसले असणार. नाहीतर शेजाऱ्यांना हाक मारली असती. मला हे अजून सहन होत नाही.

चूक ताईनेच शोधली आणि आईसमोर बसून सांगितली. आई "कळलं" म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर दोघी कामापुरतंच बोलायच्या. ताईचं जेवणावरचं लक्ष उडालं. डबी दुरुस्त करून तिने आईच्या उशाशी ठेवली, पण आई तिला हात लावेना.

मग एका दुपारी माझ्यादेखत आईने डबी उचलली आणि बटण दाबलं. लगेच ताईचा फोन आला. "आई, काय होतंय तुला? मी निघाले."

"धडधाकट आहे मी," आई म्हणाली. "वाजली ना? मग जेव आता."

पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत होतं. आईने फोन ठेवला नाही.