चूलबंद आवतण

आवतण नसताना जेवायला आलेल्या माणसाला हिच्या मामांनी एक वेळ क्षमा केली असती. पण आवतण न देता जेवू घालणाऱ्याला त्यांनी जन्मात कधी क्षमा केली नाही. माणूस उपाशी आहे, भाताचं पातेलं उतरलेलं आहे, वाढायला चार हात मोकळे आहेत, एवढ्यावर जगात कुठेही जेवण सुरू होतं. मामांच्या अंगणात होत नसे. तिथे आधी आवतण, मग बोलावणं, मग हातपाय धुवायला पाणी, मग आग्रह, आणि या सगळ्यातून जीव वाचलाच तर जेवण. हिचे मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर. लग्नात सासरकडून मला एक घड्याळ, एक ट्रंक आणि हे मामा मिळाले. घड्याळ दोन पावसाळ्यांत बंद पडलं, ट्रंक गंजली. मामा मात्र शेवटपर्यंत चालू होते. पुढे माझी नोकरीही खोपोलीला लागली आणि आम्ही त्यांच्याच शेजारची खोली घेतली. जावई म्हणून दोन दिवस कौतुक झालं, तिसऱ्या दिवशी माझ्या हातात वाढप्याचा डाव आला.

खोपोली म्हणजे गाडीचं शेवटचं स्टेशन आणि घाटाचा पायथा. गाडी इथून पुढे जात नाही आणि घाट उतरलेला ट्रक इथे चहाला थांबतो. त्यामुळे ज्यांना कुठेच जायचं नाही अशी माणसं इथे आपोआप साचत. यंत्रात हात गेल्यावर गावाकडे तोंड न दाखवलेला एक बाप्या होता, नवऱ्यानं टाकलेली एक बाई आणि तिच्या दोन मुली होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकणारा एक वेडा होता, दुष्काळात घाटावरून उतरलेली आणि परत चढायचं त्राण न राहिलेली बिऱ्हाडं होती. कोणी चिंचेखाली, कोणी रस्त्याकडेला टाकून दिलेल्या सिमेंटच्या नळ्यात, कोणी बंद गोडाऊनच्या ओट्यावर. गाव त्यांना भिकारी म्हणे. मामांनी तो शब्द घरात कधी उच्चारू दिला नाही. ते त्यांना ‘आपले पाव्हणे’ म्हणत, आणि पाहुणा म्हटला की त्याला आवतण आलंच.

जेवण रविवारी दुपारी असे, तेव्हा आवतण शनिवारी संध्याकाळी. कामावरून सुटले की मामा साबण लावून ग्रीस उतरवत, धुतलेला शर्ट घालत, वर आपल्या लग्नातला काळा कोट चढवत, आणि मग या पाहुण्यांच्या ‘घरोघर’ जात. जिथे दारच नाही तिथे दार कुठे असतं हे मामांना बरोबर ठाऊक असे. नळ्यापासून चार हात अलीकडे ते थांबत, खाकरत आणि विचारत, “हायत का घरात?” एकदा ती बाई मुलीची वेणी घालत होती. आतून म्हणाली, “वाईच थांबा हां.” मामांनी ताबडतोब पाठ फिरवली आणि वेणी होईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. ट्रकवाले हॉर्न मारून हसत होते. मामा त्यांच्याकडे कुठल्यातरी दूरच्या लग्नातली वरात पाहावी तसं पाहत होते.

आणि आवतण तरी साधं का? चूलबंद. म्हणजे उद्या तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडेच जेवायचं. खेड्यात जवळच्या घरालाच असं आवतण देतात. हात गेलेला बाप्या पहिल्यांदा ऐकून खो खो हसला होता. “अहो मामा, आमची चूल पेटली कवा व्हती, बंद कराया?” मामांनी शांतपणे उत्तर दिलं, “मंग सोप्पंच झालं की रं. तुला तरास नाय.”

दुसऱ्या दिवशी पान वाढायची वेळ झाली की पुन्हा बोलवायला जायचं. ते काम माझं. वास्तविक चिंचेखालची मंडळी आमच्या अंगणातून दिसत, त्यांना आमचं पातेलं दिसे, बिरड्याची फोडणीही त्यांच्यापर्यंत जात असणार. पण मी रस्ता ओलांडून “चला, पान वाढलंय” म्हणेपर्यंत एक माणूस जागचा हलत नसे. भुकेनं डोळे खोल गेलेले, आणि बसणं असं की जणू मुलीकडचे आहेत आणि मानपानात काही राहिलं आहे. मामांनी त्यांना दोन वर्षांत इतकं बिघडवून ठेवलं होतं.

आग्रहात तर मामा निर्दय होते. कडावच्या चुलतभावाकडून आलेला तांदूळ, वालाचं बिरडं, कधी सुकट. पाहुण्यानं पत्रावळीवर आडवा हात धरला की मामा बोटांच्या फटीतून भात सोडत. स्तुती मात्र खपत नसे. “लई ग्वाड झालंय” म्हटलं की तोंड पाडत. पोटात भूक असलेला माणूस गोड म्हणणारच, त्यात काय मोठं? पण एखाद्यानं नाक मुरडून “मीठ कमी हाय” म्हटलं की स्वारी उड्या मारत स्वयंपाकघरात. “ऐकलंस का गं? नावं ठेवतायत! आपलं घर समजाया लागले!” मामी चुलीसमोरून मागे न बघता म्हणत, “मंग त्यास्नीच आणा रांधाया.”

एकदा गावातले एक शेठ साखरेचं पोतं आणि फोटोवाला घेऊन आले. त्यांना स्वतःच्या हातानं वाटप करायचं होतं. मामांनी विचारलं, “तुमाला आवतण हाय का?” शेठ गोंधळले. “मंग आसं मधीच कसं येता? बरं, आलात तर आता पंगतीला बसा.” आणि त्यांनी शेठजींना खरोखरच त्या सलामवाल्या वेड्याशेजारी बसवलं. फोटोवाल्यालाही बसवलं, त्यामुळे फोटो काढायला कोणी उरलं नाही. शेठ मुकाट जेवले, आणि खोटं कशाला बोलू, बिरडं दोनदा मागून घेतलं.

अशा या कारभारात एकच पान कायम रिकामं राही. बंद गोडाऊनच्या ओट्यावर एक म्हातारा राहत असे. घाटावरचा, एके काळचा खातापिता शेतकरी, डोक्याला पटका, अंगात हाडं तेवढी. सगळे त्याला आबा म्हणत. पहिल्या आवतणाला त्यानं एवढंच विचारलं होतं, “तुम्ही कोन?” मामांनी सरळ सांगितलं. आमच्या लोकांनी छप्पन साली धम्म घेतला, घरात बुद्धाची तसबीर आली, तरी “तुम्ही कोन” या प्रश्नाच्या उत्तरानं समोरच्याच्या चेहऱ्यावर जे व्हायचं ते होतच होतं. आबा म्हणाला, “बघू.” आणि आला नाही. पुढच्या शनिवारी मामा पुन्हा कोट घालून हजर. पुन्हा “बघू.” असं एक अख्खं वर्ष चाललं. हॉटेलवाल्यानं टाकलेले पावाचे तुकडे चहात बुडवून आबा दिवस काढी. पावसाळा संपता संपता तो इतका वाळला की उठताना ओट्याची कड दोन्ही हातांनी धरावी लागे.

माझी बायको मामांच्याच रक्ताची, फटकळ. ती म्हणाली, “मरू दे म्हाताऱ्याला त्याच्या जातीपायी.” मला म्हाताऱ्याचा राग येई आणि कीवही येई. मी तोड सुचवली. “मामा, हॉटेलवाल्याच्या हातानं ताट पाठवू. त्याचं आहे म्हणून सांगू. जीव तर वाचेल.”

मामा म्हणाले, “खोटं बोलून जेवाया घालायचं? जावईबापू, त्याला काय आवतण म्हनायचं?” मग ते पायरीवर बसले आणि स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागले. “खालापूरच्या अंगाला गाव आमचं. मोठ्या घरी लगीन असलं की आवतण सांगनारा समद्या आळ्या फिरायचा. आमच्या वस्तीच्या अलीकडं कवठाचं झाड व्हतं, तितवर यायचा नि माघारी वळायचा. मी पोर. झाडाखाली जाऊन बसायचो. वाटायचं, ह्या टायमाला म्होरं येल. जेवान मिळायचं हो, नाय असं नाय. सांजच्याला, समद्यांचं झाल्यावर, टोपलीत. आई म्हनायची, पोट भरलं ना? भरायचं, जावईबापू. पोट भरायचं.” एवढं बोलून ते उठले आणि सायकलची चेन घट्ट करायला लागले. त्यांच्या त्या सोंगाढोंगाला मी त्यानंतर कधी मनातही हसलो नाही.

त्या दिवाळीनंतर मामा तापानं आडवे झाले. शनिवारी त्यांना शुद्ध नव्हती, त्यामुळे आवतणाला कोणी गेलं नाही. आमच्याही डोक्यातून ते निघून गेलं. रविवारी मामींनी आणि हिनं नेहमीसारखा स्वयंपाक केला. मी चिंचेखाली जाऊन म्हटलं, “चला, पान वाढलंय.” कोणी उठेना. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. नळ्यातली बाई पदर सावरत म्हणाली, “पन भाऊ, काल आवतण नव्हतं.” तिच्या धाकट्या मुलीची नजर माझ्या हातातल्या डावावर होती, आणि आई तिला मागे ओढत होती. बाप्या म्हणाला, “मामांनीच शिकवलंय. बिगर आवतणाचं जाऊ नाय.” भात निवत होता, माणसं उपाशी होती, आणि मी रस्त्याच्या मधोमध डाव घेऊन उभा. असला फजितवाडा मी जन्मात पाहिला नव्हता.

तेवढ्यात गोडाऊनच्या बाजूनं काठी टेकत कोणी येताना दिसलं. आबा! दर चार पावलांवर थांबत तो आमच्या फाटकाशी आला. मी आनंदानं म्हटलं, “या आबा, या, बसा.”

“जेवाया न्हाई आलो,” तो धापा टाकत म्हणाला. “इचारायला आलो. काल कुनी आलं न्हाई. मी दिस मावळंस्तवर बसलो व्हतो. मला वगळलं का काय?”

आतून खाटेचा आवाज झाला. मामा भिंत धरत दारात आले, अंगावर घोंगडी, डोळे तापानं लाल. म्हाताऱ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मी नजर वळवली. “वगळलं नाय आबा,” ते म्हणाले. “तुमी घरला जा. मी येतो.”

मामी ओरडल्या, ही रडकुंडीला आली, पण मामांनी घोंगडीवर कोट चढवला. आबा ओट्यावर पोचून बसेपर्यंत ते पायरीवर थांबले. मग माझ्या खांद्यावर हात टाकून नळा, चिंच, सगळीकडे फिरले आणि शेवटी गोडाऊनपाशी आले. खाकरायचं त्राण नव्हतं, म्हणून मीच खाकरलो. मामा म्हणाले, “आबा, आज दुपारी जेवाया यायचं.”

आबा काठीकडे बघत होता. “वाढनार कोन?”

“मी.”

मी “बघू” ऐकायची तयारी करून उभा होतो. म्हातारा काठी रोवून उठला आणि आमच्यापुढे चालायला लागला.

आबा जेवला. पंगतीच्या टोकाला, सगळ्यांपासून हातभर लांब. जेवायला येताना गोडाऊनच्या नळाचं पाणी भरून ठेवलेला आपला पत्र्याचा डबा मात्र तो घेऊन आला होता. आमचा भात चालला आणि आमचं पाणी चालेना, हे कुठल्या शास्त्रात बसतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पुढेही दर रविवारी तो येई आणि डबा बरोबर असे. ही धुमसत राही. मामा तिला डोळ्यांनी दटावत आणि आबाच्या पानापुढे पेला कधी ठेवत नसत. बाकी पाहुण्यांना बोटांच्या फटीतून वाढणारा माणूस, पण या एका गोष्टीचा त्यांनी कधी आग्रह केला नाही.

असा तो हिवाळा गेला. होळीच्या आसपास, एका रविवारी, पंगत अर्धी झाली असताना आबाला ठसका लागला. मी पाहिलं, तर शेजारी डबा नव्हता. आबानं ठसका आवरला आणि कोणाकडेच न बघता म्हटलं, “पानी दे रं, फिटर.”

मामा आत गेले ते येईचनात. मी मागोमाग गेलो. माठापाशी, भरलेला पेला हातात धरून, मामा भिंतीकडे तोंड करून उभे होते. मला म्हणाले, “तुमी न्या. माझा हात ऱ्हात नाय, सांडंल.”

मी म्हटलं, “सांडू दे. तुम्हीच न्या.”

ते गेले. निम्मं पाणी जमिनीवर आणि शर्टावर सांडलं. उरलेलं आबा घटाघटा प्याला आणि पेला पुन्हा पुढे धरून म्हणाला, “आजून.”

आता आबा नाही, मामाही नाहीत. मी पुष्कळ पंगती जेवलो, मानाच्या पाटांवरही बसलो. पण मामा त्या दुपारी दुसरा पेला भरायला जे धावत आत गेले, तसं कोणाला कशासाठी धावताना मी पुन्हा पाहिलं नाही.